झंस्कर: दारचा ते पदुम, सोळा वर्षांनी पुन्हा जावं का?

पाऊलखुणा (धागाकर्ती)
११ मे २०२५, रात्री ९:४०

२००९च्या जुलैअखेरीस आम्ही सहाजण हिमाचलातल्या लाहौलमधल्या दारच्याहून निघालो आणि शिंगो ला ('ला' म्हणजे खिंड) ओलांडून चालत लडाखच्या झंस्कर खोऱ्यातल्या पदुमला उतरलो. चौघं नाशिकचे, दोघं ठाण्याचे. फुगताल गोंपाची (बौद्ध मठाची) फेरी धरून दहा दिवस लागले. लेक तेव्हा तीन वर्षांची होती, तिला आईकडे ठेवलं होतं. आता ती एकोणीसची आहे आणि दोन महिने तिचं एकच चालू आहे: "आई, मला तुझं झंस्कर दाखव."

पण ज्या वाटेने मी चालले तिथून आता गाड्या जातात. सीमा सडक संघटनेने मार्च २०२४ मध्ये निम्मू–पदुम–दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता सलग जोडला. त्याच वर्षी २६ जुलैला खिंडीखालच्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचा पहिला सुरुंग उडाला. (बातम्यांत जिला शिंकू ला म्हणतात तीच ही शिंगो ला.) ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगते.

तेव्हाचं थोडं सांगते, म्हणजे प्रश्न कळेल.

दारचा साधारण ३,३६० मीटरवर. तिथून चार घोडे आणि दोन घोडेवाले घेतले. पहिले दोन दिवस नदीकाठाने हळूहळू चढ, मधे मेंढपाळांचे तळ. ओढे ओलांडायचे ते सकाळी. दुपार झाली की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी गुडघ्याखाली असलेलं पाणी मांडीपर्यंत येतं. आमचा घोडेवाला घड्याळ बघत नसे, पाण्याचा आवाज ऐकून "चलो" म्हणायचा. खिंडीखालच्या मुक्कामी कुणालाच धड झोप आली नाही. बर्फ कडक असतानाच पार व्हायला हवं म्हणून पहाटे चारला निघालो. वर ५,०००हून जास्त उंची. दगडांचा ढीग, विरून दोरे झालेल्या पताका, आणि वारा असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. घोडेवाल्याने एक दगड उचलून ढिगावर ठेवला आणि काहीतरी मोठ्याने म्हणाला. आम्हीही एकेक दगड ठेवला.

पलीकडे उतरताना गुंबुरंजोन दिसतो. एकच अखंड कातळ, दरीच्या तोंडाशी उभा. तिथले लोक त्याला देव मानतात. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघून जसे आपण गप्प होतो, तसे सगळे गप्प झालो.

मग कार्ग्याक. ४,००० मीटरच्या वर वसलेलं गाव, एकही झाड नाही. जव आणि वाटाण्याची शेतं, वर्षाला एकच पीक, तेही हिमनदीच्या पाण्याच्या पाटावर. पुरुषमाणसं बहुतेक घोडे घेऊन बाहेर गेलेली, तरण्या बायका वर 'डोक्सा'वर, म्हणजे उन्हाळी कुरणावर, याक आणि झोमो (याक-गाईच्या संकरातल्या गाई) घेऊन लोणी आणि छुर्पे, म्हणजे सुकवलेलं चीज, करायला. गावात म्हातारी माणसं आणि पोरं. एका घरच्या अमा-लेंनी (तिकडे आईला, वडीलधाऱ्या बाईला आदराने असं म्हणतात) आम्हाला आत बोलावलं. तळमजल्यावर गुरं, अंधारा जिना, वर स्वयंपाकघर. मधोमध चूल, भिंतीवर तांब्या-पितळेची भांडी देवघरासारखी मांडलेली. त्यांनी मिठाचा लोण्याचा गुरगुर चहा दिला. कप अर्धा झाला की परत भरायच्या. त्यांचा नातू शाळेत हिंदी शिकलेला, तो मधे बोलत होता. मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "किती शांत आहे तुमच्याकडे. रस्ता नाही तेच बरं." नातवाने सांगितलं. अमा-ले माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या (त्याच्या तोंडून), "माझी सून हिवाळ्यात गेली. बाळ आडवं आलं होतं. खिंड बंद होती."

त्यावर मी काही बोलू शकले नाही. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

त्यांचा फोटो काढला होता, पाठवते म्हणाले होते. पाठवला नाही.

तर प्रश्न असा: आता लेकीला घेऊन जाताना चालावं कुठून कुठपर्यंत? रस्त्याच्या कडेने चालण्यात अर्थ आहे का? की झंस्कर सोडून दुसरी दरी धरावी? मी ५४ वर्षांची आहे, गुडघे ठीक आहेत, दर पंधरा दिवसांनी ब्रह्मगिरी नाहीतर अंजनेरी होते.

---

कातळकडा
११ मे, रात्री १०:२५

ताई, लेखन फार आवडलं. पण स्पष्ट सांगतो, दारचा–पदुम ट्रेक आता राहिलेला नाही. मागच्या ऑगस्टमध्ये मी दुचाकीवर तिथून गेलो. ज्या पठारावर तुम्ही तंबू ठोकले असतील तिथे डंपर उभे होते. दर काही मिनिटांनी धुरळा. त्यातून पाठीवर पिशवी घेऊन चालणं म्हणजे स्वतःला शिक्षा.

चालायचंच असेल तर फिरत्से ला बघा. पदुमकडून फुगताल, पुर्ने, तांगझे आणि तिथून पूर्वेला वळून खिंड पार करून मनाली–लेह रस्त्यावर सरचूला उतरायचं. खिंड ५,४०० मीटरहून उंच. तांगझे सोडलं की सरचूपर्यंत गाव नाही, ओढ्यांना पूल नाहीत, त्यामुळे घोडे आणि माहीतगार माणूस हवाच. दुसरा पर्याय स्पितीतल्या किब्बरहून परांग ला करून त्सो मोरीरीकाठी कर्झोकला. तीही ५,५०० मीटरच्या वर. दोन्ही वाटांवर अजून गाडी नाही.

पण तुम्हाला गावं हवी आहेत असं दिसतं, आणि या दोन्ही वाटांवर मोकळं रान जास्त, गावं कमी.

---

नाडीपरीक्षा
१२ मे, सकाळी ७:१०

मी डॉक्टर आहे आणि दोनदा लडाखला ट्रेकिंग गटाबरोबर गेलो आहे. रस्त्याबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती सांगतो.

ताई, २००९ मध्ये तुम्ही मनालीहून रोहतांग चढून केलाँग, मग दारचा, आणि तिथून तीन-चार दिवस पायी करत खिंडीवर गेलात. नकळत शरीराला वेळ मिळाला. आज सकाळी मनालीहून (सुमारे २,०५० मीटर) निघालेली गाडी अटल बोगद्यातून थेट लाहौलात येते, दारच्यात जेवण होतं आणि संध्याकाळच्या आत ती ५,००० मीटर ओलांडून ४,००० मीटरवरच्या गावात मुक्कामाला. रस्त्याने अंतर कमी झालं, पण शरीराला लागणारा वेळ तेवढाच आहे. म्हणजे चालणाऱ्याला पूर्वी जो त्रास क्वचित व्हायचा तो आता गाडीतल्याला सहज होऊ शकतो.

५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. फुप्फुसात प्राणवायू त्या प्रमाणात कमी पोचतो. शरीर आधी श्वास वाढवून भरपाई करतं, मग काही दिवसांनी रक्त, मूत्रपिंडं वगैरे जुळवून घेतात. दर शनिवारी राजगड करणाऱ्यालाही यातून सूट नाही. उलट दमसास चांगला असलेला माणूस भरभर चढतो आणि आधी आडवा होतो. माझ्या गटातला सगळ्यात तगडा मुलगा, मॅरेथॉन धावणारा, त्यालाच परत पाठवावं लागलं होतं.

नियम साधा आहे: ३,००० मीटरच्या वर, आज जिथे झोपलो त्यापेक्षा उद्याचं झोपायचं ठिकाण ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलात तर उत्तम.

डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, भूक मेलेली, चक्कर, झोप नाही, तर तो उंचीचा त्रास समजा, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. त्याच जागी थांबा. बसल्या जागी धाप लागते, खोकला वाढतोय, रात्री आडवं होता येत नाही, तर फुप्फुसात पाणी धरतंय. माणूस बरळतोय, किंवा सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नाही, तर मेंदूला सूज. या दोन्हीत सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, खाली उतरायचं. औषधं आणि प्राणवायू उतरताना मदत करतात, पण ते दिले म्हणून वर थांबायचं नाही.

उंचीच्या त्रासासाठीच्या ॲसिटाझोलामाइड या गोळीबद्दल विचाराल, म्हणून: प्रतिबंधाला मोठ्या माणसांत सामान्यतः १२५ मिलिग्राम दिवसातून दोनदा देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. आणि गोळी घेतली म्हणून चढाईचा नियम मोडायची परवानगी मिळत नाही.

---

सोनचाफा
१२ मे, सकाळी ११:३०

डॉक्टरांच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. आमच्यावर हे गुदरलं आहे. चार वर्षांपूर्वी मुंबईहून विमानाने लेहला उतरलो, म्हणजे काही तासांत ३,५०० मीटर. सहल नेणाऱ्या कंपनीने (नाव लिहीत नाही) दुसऱ्याच दिवशी उंच खिंडीवर नेलं आणि तिसऱ्या दिवशी सरोवराकाठच्या तंबूत, ४,५०० मीटरवर. नवऱ्याला संध्याकाळपासून खोकला. व्यवस्थापक म्हणाला, "धुळीने होतं, गरम पाणी प्या." रात्री दोनला तो उठून बसला आणि छातीत घरघर. बायकांच्या तंबूतल्या एका निवृत्त परिचारिकेने ऐकलं आणि सगळ्यांना उठवलं. गाडीने रात्रभर खाली आणलं. लेहच्या दवाखान्यात दोन दिवस प्राणवायूवर होता, वाचला.

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. आज कुणी हिमालयात निघालं की मी आधी विचारते, पहिली तीन रात्री कुठे झोपणार?

ताई, तुमच्या लेकीला हे सगळं वाचायला द्या. मुलं त्रास लपवतात, आपल्यामुळे सगळ्यांना परतावं लागेल म्हणून.

---

सुभेदार_सातारा
१२ मे, सायंकाळी ६:०५

मी फौजेत होतो, लडाखमध्ये दोन वेळा पोस्टिंग झालं. कातळकडा, तुमचं वय लहान असावं, राग मानू नका. "ट्रेक राहिलेला नाही" असं आपण म्हणतो, पण ती वाट काही आपल्या ट्रेकसाठी नव्हती. ती त्या लोकांची बाजाराची, दवाखान्याची, शाळेची वाट.

झंस्करला आधी एकच मोटररस्ता, कारगिलहून पेन्सी ला वरून. बर्फ पडला की तो बंद, महिनोन्‌महिने. मग बाहेर पडायचं तर गोठलेल्या झंस्कर नदीवरून, ज्याला आपले ट्रेकर 'चादर' म्हणतात. त्यावरून लोक पोरांना पाठुंगळी घेऊन लेहच्या शाळेत सोडायला नेत. बर्फ फुटला की कड्याला चिकटून, उणे पंचवीसमध्ये, रात्र गुहेत. आपण पैसे भरून आठ दिवस जातो त्याला साहस म्हणतो. ते लोक दुसरी वाट नाही म्हणून जात होते.

आजारी माणसासाठी हेलिकॉप्टर येतं, पण हवा साफ असेल तर. चार-चार दिवस हवा उघडत नाही. अमा-लेंच्या सुनेसारख्या गोष्टी आम्ही वायरलेसवर ऐकलेल्या आहेत.

आणि फौजेच्या दृष्टीनेही हा लडाखचा तिसरा रस्ता आहे. श्रीनगरहून जोजि लाचा एक, मनालीहून सरचूचा दुसरा. दोन्हींपेक्षा हा सीमेपासून आत आहे. बोगदा झाला की बारमाही होईल.

ताई, तुम्ही जाच. फोटो घेऊन जा.

---

कातळकडा
१२ मे, रात्री ९:१५

सुभेदार काका, राग नाही. गावकऱ्यांना रस्ता नको असं माझं म्हणणं नव्हतंच, कसं असेल? पण रस्त्याबरोबर जे मागून येतं त्याचं काय? मी परतताना ओढ्याच्या काठी पाण्याच्या बाटल्यांचा आणि नूडल्सच्या पाकिटांचा खच बघितला. तो गावकऱ्यांनी टाकलेला नव्हता. ४,००० मीटरवर थंडी आणि कोरडी हवा, काही कुजत नाही. त्या गावांचं पाणी हिमनद्यांवर चालतं, पदुमजवळच्या कुमिकसारख्या गावाला पाणी आटल्यामुळे खाली नवी वस्ती करावी लागली. तिथे उद्या पन्नास खोल्यांची, फ्लशच्या संडासांची हॉटेलं झाली तर पाणी कुठून आणणार? या गोष्टीची मला खरंच भीती वाटते.

---

सुभेदार_सातारा
१२ मे, रात्री ९:५०

ही भीती रास्त आहे. हे मान्य.

---

जुनीपोथी
१३ मे, दुपारी २:२०

फुगतालचा उल्लेख झाला म्हणून राहवलं नाही.

कड्यात मोठी गुहा, आत झरा, आणि गुहेच्या तोंडातून खाली मधमाशांच्या पोळ्यासारख्या लटकलेल्या मातीच्या, पांढऱ्या खोल्या. पंधराव्या शतकापासूनचा, तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाचा गोंपा. तिथे एक दगडी पाटी आहे, एका हंगेरियन माणसाच्या नावाची: अलेक्झांडर चोमा द क्योरोश. हंगेरियन लोकांचं मूळ आशियात कुठे आहे ते शोधायला हा माणूस घरून निघाला आणि बहुतेक वाट पायी तुडवत लडाखात पोचला. १८२३ मध्ये झंस्करमधल्या झांगला इथे एका लामांपाशी तिबेटी शिकायला बसला. सोळा महिने, अरुंद खोली, हिवाळ्यात चूलसुद्धा नाही. पुढे १८२५-२६ मध्ये फुगतालला राहिला. त्याच्या या तपश्चर्येतून १८३४ मध्ये कलकत्त्याला तिबेटी–इंग्रजी शब्दकोश छापला गेला. १८४२ मध्ये ल्हासाच्या वाटेवर असताना दार्जिलिंगला तापाने गेला.

मला त्याच्यापेक्षाही त्याला शिकवणाऱ्या लामांचं आश्चर्य वाटतं. भाषा न येणारा परका माणूस दारात उभा राहतो आणि ते त्याला महिनोन्‌महिने आपल्या पोथ्या उघडून दाखवतात. पाऊलखुणा ताईंच्या अमा-लेंचा चहा वाचताना तेच आठवलं.

२०१५ चा पूरही नोंदवून ठेवते. २०१४ च्या डिसेंबरअखेरीस फुगतालच्या वरच्या अंगाला दरड कोसळून नदी अडली, बर्फाखाली तळं साठत गेलं आणि ७ मे २०१५ ला बांध फुटला. खालचे कितीतरी पूल वाहून गेले. माणसं आधीच हलवली होती म्हणून वाचली. तेव्हा ताई, तुमच्या २००९च्या नकाशातल्या पुलांवर विसंबू नका.

---

लाजाळू
१३ मे, रात्री ८:४५

मी अजून हिमालयात गेलेले नाही. प्रश्न बायकांपुरता आहे, पण इथेच विचारते. गावात मुक्काम केला तर संडासाची काय सोय? पाळी आली तर? कुठल्याच ट्रेकवर्णनात हे सापडत नाही.

---

पाऊलखुणा (धागाकर्ती)
१३ मे, रात्री ९:३०

लाजाळू, बरं झालं विचारलंस.

तिकडे घरोघरी कोरडा संडास असतो. वरच्या मजल्यावर छोटी खोली, जमिनीत चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. झालं की माती लोटायची. खाली खत तयार होतं, ते वसंतात शेतात जातं. वास जवळजवळ नसतो. त्यात पाणी ओतायचं नाही आणि पॅड तर अजिबात टाकायचं नाही, कारण ते खत त्यांच्या जवाच्या शेतात जाणार असतं. वापरलेली पॅडं घट्ट झाकणाच्या डब्यात भरून परत आणायची. मी दोन डबे नेले होते, वरून काळी पिशवी. आता पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरणाऱ्या मुली आहेत, पण हात धुवायला उकळलेलं पाणी बरोबर हवं. उंचीवर पाळी लवकर किंवा जास्त येऊ शकते असा माझा आणि मैत्रिणीचा अनुभव आहे, तेव्हा तारीख नसली तरी सामान ठेव.

आणि लाजू नकोस. घरातल्या अमा-लेंना खुणेने सांगितलं तरी कळतं. मला एकीने न विचारता गरम पाण्याची किटली आणून दिली होती.

बाकी शिष्टाचार: भेटल्यावर "जुले", निरोपाला "जुले", आभाराला "जुले". मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) वाटेत आली की ती आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं. चुलीत कागद, कचरा टाकायचा नाही, चूल त्यांच्यासाठी पवित्र. आणि शेणाच्या गोवऱ्या, झुडपांच्या काटक्या मागायच्या नाहीत. छतावर रचलेला तो ढीग म्हणजे त्यांचा पूर्ण हिवाळा असतो.

---

नाडीपरीक्षा
१४ मे, सकाळी ६:५०

लाजाळू यांना पूरक: पाळी लांबवायच्या गोळ्या अनेकजणी ट्रेकआधी परस्पर घेतात. तसं करू नका. काही संप्रेरकांच्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते, उंचीवर पाणी कमी प्यायलं जातं आणि गाडीत तासन्‌तास बसणं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना उंचीचा प्रवास आहे असं सांगून मगच ठरवा.

---

कातळकडा
१४ मे, रात्री १०:०५

ताई, दोन दिवस नकाशे घेऊन बसलो होतो. तुम्हाला गावं हवी, लेकीला तुमची वाट हवी, आणि डॉक्टरांचा नियम पाळायचा. यातून असं जमेल:

केलाँगला (३,०८० मीटर) एक रात्र आणि जिस्पाला दोन. मधल्या दिवशी दारच्याच्या पुढे रारिक, छिका या गावांकडे पायी, म्हणजे तुमच्या जुन्या ट्रेकचा पहिला टप्पा होईल. मग सकाळी लवकर गाडीने खिंड पार करायची, वर दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही, आणि कार्ग्याकला मुक्काम न करता थेट पुर्नेला उतरायचं. पुर्ने कार्ग्याकपेक्षा बरंच खाली आहे, दोन नद्यांचा संगम, थोडी झाडंसुद्धा. तिथून फुगताल दोन-तीन तासांची चाल, ही वाट पायीच करायची. एक रात्र गोंपाजवळ. परतताना त्याच वाटेने न येता छा गावावरून. जुळवून घेतल्यावर, पुर्नेहून वरच्या दरीत तेस्ता, तांगझे, कार्ग्याक असं उलटं चालत जा. तीन दिवस, रोज एक गाव, घरात मुक्काम. त्या भागात रस्ता आहे, पण गावागावांना जोडणाऱ्या शेतातल्या जुन्या पायवाटा असतातच, घरमालकांना विचारून त्या धरा. म्हणजे कार्ग्याकला तुम्ही शेवटी पोचाल, चालत.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. ओढ्यांचं पाणी उतरलेलं, जवाची कापणी चालू, डोक्सावरच्या बायका खाली यायला लागलेल्या. गावात सगळे भेटतील.

मी आधी फिरत्से ला सुचवली होती. तुमच्यासाठी हेच योग्य वाटतंय.

---

सोनचाफा
१४ मे, रात्री १०:४०

कातळकडा, किती मनापासून केलंत हे.

एक भर: रोख पैसे पुरेसे ठेवा, सुट्टे जास्त. घरात राहिल्याचे पैसे घासाघीस न करता, निघताना घरच्या बाईच्या हातात द्या.

---

सुभेदार_सातारा
१५ मे, सकाळी ८:१५

बेत उत्तम. दोन सूचना. खिंडीच्या दिवशी हवा बिघडली तर जिस्पालाच थांबा, बेतात दोन दिवस मोकळे ठेवा. परतीचं तिकीट घट्ट काढलं की माणूस नको तिथे धाडस करतो. दुसरं, जाड मोजे जास्तीचे न्या आणि निघताना तिथेच ठेवून या. लोकरीचे, हातानं विणलेले मिळाले तर तेच.

घर सापडेल का याची काळजी करू नका. गावात फोटो दाखवा, पोरंसोरं हाताला धरून नेतील.

---

पाऊलखुणा (धागाकर्ती)
१८ मे, रात्री ११:१०

सगळ्यांना मनापासून नमस्कार. चार दिवस घरात फक्त हाच धागा वाचला जातोय. लेकीने डॉक्टरांचा प्रतिसाद वहीत उतरवून काढलाय आणि टाचेला चवडा लावून घरभर चालून दाखवतेय.

कातळकडा यांचाच बेत पक्का. ३० ऑगस्टला निघणार, परतीचं तिकीट सुभेदारकाका म्हणाले तसं दोन दिवस पुढे सरकवून काढलं. शेवटचा मुक्काम कार्ग्याक.

माळ्यावरची जुनी हार्ड डिस्क काढली. फोटो मिळाला. अमा-ले चुलीशी बसल्या आहेत, मागे भांडी चमकतायत, बाजूला नातू दात काढून हसतोय. तो आता पंचविशीचा असेल. अमा-ले असतील का, माहीत नाही. तेव्हाच सत्तरीच्या दिसत होत्या.

आज कॉलेज रोडवरच्या स्टुडिओत दोन प्रती सांगितल्या. एक मोठी, घरासाठी. नातवाची वेगळी. माझी आई कालपासून मोजे विणायला बसली आहे, विचारते, "तिचा पाय केवढा असेल गं?" मी म्हटलं, तुझ्याएवढाच.